मोराच्या मानेपर्यंत

राजमल्लू दुडम, वय एकाहत्तर, राहणार भद्रावती पेठ.
तक्रार : बोलता बोलता मध्येच जातात.
कुठे जातात, हे लिहायला
फॉर्मवर रकाना नाही.

मी टेपनं त्यांचं डोकं मोजते,
नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत,
लाल पेन्सिलीनं खुणा करते.
"शिंप्याकडं आल्यागत वाटलालंय, मॅडम."
एकवीस तारा. थंडगार पेस्ट.
पंखा बंद, मोबाईल बाहेर,
तरी मागच्या गल्लीतले माग
भिंतीतून आत येतात
खटक् खट्, खटक् खट्,
आणि पडद्यावर मिटल्या डोळ्यांची लय उठते,
सेकंदाला नऊ.

"बोललं तर चालतंय का?"
नको, रेषा हलतात.
तरी ते बोलतात.

चाळीस वर्षं पुठ्ठे ठोकले, जेकार्डचे.
भोक असलं की धागा वर,
नसलं की खाली.
"एका मोराला बाराशे पुठ्ठे.
पुठ्ठ्याला मोर म्हाईत न्हाई.
भोकाला तर काईच म्हाईत न्हाई.
मागाला इचारा, तो म्हणंल, मी नुस्तं उचलतो.
मग मोर कुठं हाय, मॅडम?"

मी रेषा बघत राहते.
आमच्या पुस्तकात आहे : पेशी पेटते, किंवा पेटत नाही.
त्यापुढं सहाशे पानं आहेत.
मोराचं पान मला अजून सापडलेलं नाही.

एका रविवारी अव्वाला इथंच निजवण्याऐवजी बसवलं होतं.
कपाळावर विभूती,
डाव्या तळहातावर इष्टलिंग,
नजर त्याच्या काळ्या चकाकीत.
वीस मिनिटं.
टेबलावरचा फोन वाजला, मी दचकले,
तिच्या रेषा नाही दचकल्या.
मला वाटलं, गेली.
तारा काढताना म्हणाली,
"तिसऱ्या रिंगला का नाही उचललास?"

म्हणजे ती होती.
कागदावर मात्र
होती आणि नव्हती
एकसारखंच उमटलं होतं.

शाळेची सहल हत्तरसंग-कुडलला गेली होती,
भीमेला सीना मिळते तिथं.
एका लिंगावर तीनशे एकोणसाठ मुखं.
मी मोजायला बसले,
एकसष्टला चुकले,
पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा चुकले.
बस सुटायची वेळ झाली.
सगळ्यांत शेवटी धावताना ध्यानात आलं :
मोजणारं तोंड
मोजायचं राहिलंच.
कोण होता तो पाथरवट,
ज्यानं एवढी तोंडं कोरली
आणि स्वतःचं नाव कोरलं नाही?

"...तर पिसारा झाला, पोट झालं,
मग मानेला आलो तवा..."

आणि राजमल्लू थांबले.
ओठ चघळल्यासारखे, बोटं चादरीवर
काहीतरी चिमटीत धरू पाहणारी.
डाव्या कानशिलाच्या चार रेषा
घाट चढल्या.
मी नाव घेतलं. पुन्हा घेतलं.
डोळे उघडे, आत कुणी नाही;
माग चालू, धागा तुटलेला.
चाळीस सेकंद. सत्तेचाळीस.
मी वेळ लिहिली : ११.२२.
मला तेवढंच येतं.

मग कुणीतरी दिवा लावल्यासारखं
त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
भ्याले होते. लाजलेही होते.
"कुठवर आलो होतो मी?"

सांगता आलं असतं बरंच काही,
झटका म्हणजे काय, गोळी कुठली, डॉक्टर कधी येतील.
सांगणारच होते, नंतर.
आधी त्यांची बोटं माझ्या हातात घेतली.
"मोराच्या मानेपर्यंत."

"हां," ते म्हणाले.
"त्या वर्षी निळं सूत मिळालं न्हवतं.
मानेला हिरवं घातलं.
कुणाच्या ध्यानात आलं न्हाई.
लोक पांघरून झोपले."