आठ फुटांचं दावं

फोटोतली ती सहा फुटी, माशाच्या शेपटीची,
बघून मीही पाघळले होते. खोटं कशाला बोलू.
फोनवर तारकर्लीचा मनवेल म्हणाला, वजन सांग.
त्र्याहत्तर, म्हटलं. सकाळचं, उपाशीपोटी.
मग लांब घे, जाड घे, बाय माझे, रुंद घे.
देखणी घेशील तर ती तुला घेणार नाय.

म्हणून ही. मऊ फोमची, आठ फुटी.
राजारामपुरीत दुसऱ्या मजल्यावर गॅलरीत उभी होती,
कुणा झुंजार इंगवल्याची, जो कॅनडाला गेला.
त्याच्या आईनं तिच्यावर पापड वाळवलेले.
साडेसहा हजार सांगून पाचावर आल्या,
डाग पुसला की जातो म्हणाल्या,
आणि तीनपैकी दोन फिना
दुधाच्या पिशवीत घालून दिल्या.

उद्यमनगरात टेम्पोतून उतरवली
तशी मोल्डिंगची पोरं बाहेर आली.
इस्त्रीचं टेबल? माडीचं दार?
तिरडी म्हणायचं मात्र सगळ्यांनी टाळलं.
पॅटर्नवाले नेमगोंडा आण्णा काहीच बोलले नाहीत.
एक डोळा मिटून कडेवरून नजर टाकली.
पुढं वाक आहे. चूक, का मुद्दाम?
मुद्दाम, आण्णा. नाक पाण्यात रुतू नये म्हणून.
मग बरोबर आहे.
तिसरी फिन त्यांनी नायलॉनच्या तुकड्यातून कापली,
कड अंगठ्यानं घासत बसले जेवणाच्या सुट्टीत:
धार ठेवत नाही हं. पडशील तेव्हा तुझ्याच पायावर येणार.

मेणाची गरज नव्हती असल्या मऊ फळीला.
तरी घेतलं. खोबऱ्याचा वास होता.
मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत विसरलं,
आता माझ्या विम्याच्या कागदावर
पाणी थांबत नाही.

लक्ष्मीपुरीत पूर्ण बाह्यांचा, अंगाला घट्ट शर्ट मागितला
तर दुकानदार एक साइज मोठा काढत होता.
ताई, धुतल्यावर आटतोय.
घट्टच द्या हो. सैल असला की पाणी भरतं,
पोट सोलतं फळीवर.
कुठल्या खेळाला म्हणायचा?
पडायच्या, म्हटलं.

राहिलं दावं.
ते लीश म्हणतात; पट्टा घोट्याला, दुसरं टोक फळीला,
जेवढी फळी तेवढं लांब.
बाकी सगळं जुनं चालेल, मनवेल म्हणाला, हे नको.
तेवढं एकच कोरं आणलं.

रात्री भांडी आवरून फरशीवर बसले
आणि पायाला बांधून बघितलं.

वडणग्याची विहीर. आठ वर्षांची मी,
कमरेला पांगाऱ्याचं लाकूड,
दोराचं टोक वर दादांच्या हातात.
आहे ना धरलेला? दर हाताला विचारायची.
आहे की, वरून आवाज यायचा.
एकदा मान वळवून बघितलं
तर दादा दोन्ही हातांनी तंबाखू मळत होते,
दोर पायरीवर, ओला, पडलेला.
बुडायचं विसरूनच गेले मी.

पट्टा सोडवला. पुन्हा लावला.
त्या कर्रर्र आवाजानं मांजर उठून गेलं.

शनिवारी पहाटे गगनबावड्यातून खाली.
फळी गाडीच्या टपावर बांधायची
तर अजून एक दोर लागणार, साधा, काथ्याचा.
तो उद्या. गंगावेशीत मिळेल.