मुठीत चौदा किलो

धुळ्याच्या सिव्हिलमध्ये, एआरटीच्या शेजारच्या खोलीत
फिजिओथेरपीचा पोरगा माझ्या हातात लोखंडी मूठ देतो.
"दाबा मावशी. जीव लावून दाबा."
काटा चौदावर थरथरतो, थांबतो.
तो लिहितो: सुपडाबाई, पारोळा, वय अठ्ठावन्न.
पूर्वी रक्तातल्या पेशी मोजायचे.
माझं काहीही मोजलं
की कमीच भरतं.

हे हात मांड्यांचे आहेत, बाबा.
पुरण भरलेला गोळा तळव्यावरून मनगटावर,
मनगटावरून कोपरापर्यंत झुलवत न्यायचा
आणि पालथ्या खापरावर अलगद सोडायचा.
एरंडोलच्या एका लग्नात अडीचशे मांडे,
एकालाही भोक नाही.
यंदा आखाजीला
चौथाच मांडा कोपरावर फाटला.
पुरण खापरावर सांडलं, चर्र करून जळलं.
मी म्हटलं, कणीक सैल झाली.
कणीक सैल नव्हती.

दोन हजार तीनला याच दवाखान्यात
डॉक्टरांनी भावाला बाजूला घेऊन सांगितलं होतं,
वर्ष, फार तर दीड.
माय म्हणाली, माझ्या आधी जाऊ नको.
नाही गेले. तिला मीच पोचवलं.
पण म्हातारपणासाठी
बाजूला काही ठेवलंच नव्हतं,
ना पैसा, ना जोर.

तडवी मॅडम समजावतात:
विषाणू झोपलाय, रिपोर्ट छान आहे,
पण आत बारीक धग राहते, स्नायू लवकर झिजतात.
मी मान हलवते.
जाळ ओढून घेतला तरी
खापर किती वेळ तापलेलं असतं
हे मला कुणी सांगायचं!

"आता हात छातीशी बांधा.
खुर्चीतून पाच वेळा उठा."
तिसऱ्यांदा गुडघा वाजतो.
जावेचाही असाच वाजतो.
जिने माझा पेला अकरा वर्षं वेगळा ठेवला
ती आता रात्री तेलाची बाटली घेऊन येते,
आधी स्वतःला चोळते, मग माझ्याकडे सरकवते.
तिला झालंय तेच मला झालंय,
असं पहिल्यांदाच काहीतरी.

"सतरा सेकंद," पोरगा म्हणतो. "डाळ खा, अंडं खा,
पाण्याच्या बाटल्या उचला, रोज."
सहाव्यांदा मी त्याने न सांगता उठते.
साडेतीनची एसटी आहे.

पिशवीत तीन महिन्यांच्या गोळ्या.
फागणे येईपर्यंत बसायला जागा नाही.
वरची दांडी धरून उभी आहे.