मागून गरम हवा

साठ हजार.
अकरा महिन्यांच्या शिकवण्या, आठवीची दोन पोरं
आणि नववीतली एक, जिला बीजगणित नको, गप्पा हव्या असतात.
साठ हजार,
आणि वहीच्या शेवटच्या पानावर बेरीज त्रेसष्ट हजार दोनशे.

प्रोसेसर सहा कोरचा, मागच्या पिढीतला. चालेल.
मदरबोर्ड साधा, दिवे नसलेला. चालेल.
रॅमच्या आठ-आठच्या दोन पट्ट्या, कारण सोळाची एकटी
लंगडत चालते असं प्रणोती म्हणते
आणि प्रणोतीचं या बाबतीत खरं निघतं.
एसएसडी अर्धी केली, मग पुन्हा पूर्ण केली.
ग्राफिक्स कार्डापाशी पेन्सिल थांबते दरवेळी.
पंचवीस हजार त्या एकट्याचे.
लग्नातला तो एक मामा,
ज्याच्या खुर्चीसाठी सगळी रांग सरकते.

शेवटी पाच हजारांचा पॉवर सप्लाय
दोन हजारांवर आणला.
दिसत नाही, खेळत नाही, तळाशी पडून असतो बिचारा.
साठ हजार दोनशे. दोनशे आई देईल.

मे महिना, बाहेर सेहेचाळीस.
बाबा ओसरीत कुणाच्या तरी कुलरची मोटर उघडून बसलेले.
वही त्यांनी ग्रीसच्या बोटांनीच ओढली.
"हे काहून खोडलं?"
"स्वस्तातला घेते."
"वॅट किती?"
"साडेपाचशे."
"दोन हजारात साडेपाचशे? हातात धरून पाह्यला?
तांबं लागते त्याले, पोरी. हलकं ते खोटं.
लेबलवर तर मीबी हजार लिहून देतो.
अन् सांजच्याले मानेवाड्यात व्होल्टेज कसं नाचते
ते तुले सांगू?
एवढं महागाचं सामान
एका चोराच्या भरवशावर ठेवशीन?"

मी मोबाइलवर कॅबिनेट दाखवलं, विषय बदलायला.
समोर काच, काचेमागे तीन रंगीत पंखे.
ते बराच वेळ बघत राहिले.
"मंग हे श्वास कुठून घेईन?"
आणि कुलरच्या ताटीवर टिचकी मारली, वाळ्याचा भुगा उडाला.
"समोरून घ्याचं, मागून फेकाचं. काच लावून काय पाहाचं?"

दोन महिने मी तापमानाचे आलेख वाचत होते.
ताटी दारातच होती.

सीताबर्डीला हेडाऊंचं दुकान पहिल्या मजल्यावर.
बाबा डोक्याला दुपट्टा बांधलेले तसेच आत आले,
दोन पॉवर सप्लाय दोन हातांत घेऊन उभे,
खरबूज निवडावं तसे.
काउंटरवरचा पोरगा हसला.
हेडाऊ हसले नाहीत. म्हणाले, "डाव्या हातातला घ्या काका."
ते म्हणाले, "तोच घेऊन राहिलो."

कॅबिनेट जाळीचं, काळं, आठशेनं स्वस्त.
कार्ड एक पायरी खालचं.
वरच्या कार्डाचा डबा मी परत ठेवला,
जरा जास्तच सावकाश.
उरलेल्या सहाशेत स्पाइक गार्ड. तोही त्यांनीच निवडला.

रात्री कुलर बंद केला, ओल नको म्हणून.
बाबांनी टॉर्च धरला, आईनं माझ्या कपाळाला फडकं.
प्रोसेसर दाबायचा नसतो, नुसता ठेवायचा,
तो आपला आपण बसतो.
हे मला माहीत होतं, तरी हात थरथरला.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच.
कुणी काही बोललं नाही.
मग रॅमची एक पट्टी काढून पुन्हा बसवली,
टक् आवाज येईपर्यंत.

साडेअकराला त्या पडद्यावर बर्फ पडत होता.
डोंगर, कोल्हा, माझ्या पावलांच्या खुणा.
"हेच खेळाचं काय?" बाबांनी विचारलं
आणि उत्तराची वाट न बघता मागे गेले,
वाकले,
कॅबिनेटच्या पाठीशी तळहात धरला,
गिऱ्हाइकाच्या घरून निघताना धरतात तसा.
"बरोबर फेकून राह्यलं," म्हणाले.

एक स्क्रू उरला. कुठला, अजून कळलं नाही.
तो त्यांनी आपल्या डब्यात टाकला, मोटरींच्या स्क्रूंत,
आणि आई म्हणाली,
झालं असेल तर लावा आता तो कुलर.