भिंतीवरचे बोरसे

ऑप्शन फॉर्मला उद्या दुपारपर्यंत मुदत.
सायबरवाला मयूर म्हणाला, रात्री सर्व्हर बरा चालतो,
म्हणून जेवून निघालो, मी आणि आप्पा.
प्रवेश यंदा लांबलेले, दसरा तोंडावर,
दोंडाईच्यात मिरचीचा पहिला माल येऊन पडलेला.
आप्पा उपरणं नाकाला लावून, पथाऱ्यांच्या कडेकडेनं.

सगळ्यांचं सांगून झालं होतं.
मामा: पुण्याला जा, कॉम्प्युटर घे, गोळ्या काय कुणीही विकतं.
मोठी काकू: डी.फार्म कर, दोन वर्षांत मोकळी,
लायसन भाड्यानं दिलं तरी घरबसल्या पैसे,
सासरचेही खूश.
आप्पा काही बोलले नव्हते.
एकोणतीस वर्षं औषधं देतात ते,
विचारल्याशिवाय सांगायची सवय नाही.

दुकानात, गणपतीच्या वर, एक फ्रेम आहे.
घनश्याम चुडामण बोरसे, नोंदणीकृत फार्मासिस्ट.
फोटोत दाट केस, रुंद कॉलर.
लहानपणी मला वाटायचं, मालकांचे वारलेले वडील असतील.
मी त्यांनाही उदबत्ती ओवाळायचे.

बोरसे धुळ्याला राहतात. प्लॉटचे व्यवहार करतात.
दुकानात असतात ते आप्पा.
संध्याकाळी देठ खुडणाऱ्या बाया येतात,
हात कोपरापर्यंत पेटलेले.
ठगीबाई म्हणते, भटूभाऊ, ती पिवयी गोयी दे ना,
आणि आप्पा पिवळी देत नाहीत.
आधी विचारतात, जेवलीस का.
कितवा महिना.
मागे अंगावर गांध्या उठल्या ती कोणती गोळी होती.
मग पाकिटावर पेनानं सूर्य काढतात,
खाली अर्धा सूर्य, त्याखाली चंद्र.
चंद्र त्यांना नीट जमत नाही, केळ्यासारखा होतो.
ठगीबाईला कळतो.

मी नववीत होते तेव्हा तपासणी आली.
आदल्या रात्री कुणाचा तरी फोन आला होता.
त्या दिवशी बोरसे पहिल्यांदा पाहिले, टक्कल पडलेले,
पांढरा कोट, घडीच्या रेघा तशाच.
आप्पा काउंटरच्या बाहेर. गिऱ्हाईक म्हणून.
हातात शेजारच्या आजोबांची बीपीची चिठ्ठी,
खिशात शंभराची नोट, मालकांनीच दिलेली.
साहेब म्हणाले, यांचं द्या की आधी.
बोरसेंनी चिठ्ठी उलटी-सुलटी केली,
वळले, आणि वळलेलेच राहिले.
नऊ फडताळं, चारशे खोकी.
आप्पा खोकले.
हनुवटी डावीकडे, जराशी. वर. अजून वर.
सापडली.
आप्पांनी सुटे मोजून घेतले,
विचारलं, कितीदा घ्यायची?
आणि बोरसे जे म्हणाले ते चूक होतं.
आप्पा म्हणाले, बरं साहेब.

मी मालकांच्या खुर्चीमागे वह्या घेऊन बसले होते.
आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही, तेव्हाही नाही, नंतरही.
ती पट्टी आमच्या शिलाई मशीनच्या खणात आहे,
मुदत कधीच संपली,
फेकत कुणी नाही.

मयूरनं विचारलं, वडिलांचा व्यवसाय?
यादीत शेती, नोकरी, व्यापार, मजुरी, इतर.
आप्पा म्हणाले, नोकरी टाक.
मग म्हणाले, नको, मजुरीच टाक, फी माफ होईल.
मी इतर टाकलं.
मयूरचा माउस क्षणभर थांबला, मग गेला पुढे.
पहिला पर्याय, बी.फार्म, शिरपूर.
दुसरा, बी.फार्म, चोपडा.
तिसरा?
तिसरा नाही.
अहो ताई, सेफ असावं एखादं.
मी म्हटलं, चार वर्षं आहेत दादा, भिंतीवर टांगायला नाही घ्यायची.
मोठ्यानं म्हटलं बहुतेक.

आप्पा बाकावर अभ्यासक्रमाची पानं घेऊन बसलेले,
चष्मा कपाळावर, बोट ओळीखाली.
औषधांची नावं त्यांना झोपेतही येतात, ही नावं वेगळी.
एका शब्दाशी अडले, फोडून फोडून वाचला:
फार्मा. कॉग. नोसी.
"हाई काय शे वं?"
मला माहीत नव्हतं.
"मंग जाय," म्हणाले, "शिकी ये. माले बी सांगजो."

प्रिंटचे वीस रुपये झाले.
परतताना वारा आडवा होता,
दोघांनाही शिंका आल्या, एकामागून एक,
बाजार ओलांडेपर्यंत.