वायसर

रविवारच्या उपदेशासाठी
मी एक वही ठेवली आहे, दृष्टांतांची.
मागच्या बाजूने मुलाचे भागाकार,
पुढून देवाचं राज्य.

नोंदी अशा:
रात्री सरोवरावर मासेमारांचे कंदील: विश्वासणारे.
गोरखचिंचेचं झाड: अब्राहाम.
पोटात पोकळ, वयाने अवाढव्य, तरी पालवी फुटते.
मांडवावर वाळत घातलेली चिमुकली मासळी: आत्मे.
इथे पुढची ओळ कोरीच आहे,
कारण वाळलेल्या आत्म्यांचं पुढे काय करायचं
ते मला अजून सुचलेलं नाही.
मगर मी तीनदा वापरली.
तिसऱ्यांदा मुलंसुद्धा घाबरली नाहीत.

शनिवारी संध्याकाळी हापसा कोरडा पडला.
दांडा वर-खाली होतो, आतून नुसती धाप.
दोनशे घरांना हा एकच.
नाहीतर मग सरोवर,
आणि तिथे ती, माझ्या वहीतली, खरी.

एनेलेस कामांगा पहाटेच पोचली,
सायकलला पान्यांची पिशवी,
कमरेला घट्ट खोचलेलं चिटेंजे.
मंडळीच्या हजेरीपटात तिच्या नावापुढे
वर्षभर फुल्याच फुल्या.
त्या मीच मारल्या, मंडळीचा वडील म्हणून,
पट्टी लावून, सरळ.

देवळाबाहेर झाडाला टांगलेल्या ट्रकच्या चाकावर
लोनजेझोने लोखंड हाणलं, पहिली घंटा झाली.
मी इस्त्रीच्या सदऱ्यात उतारावरून निघालो
तर तिने हाक मारली, नावाने नाही,
"अहो, हात मोकळे आहेत का?"

एकेक सळी वर येत होती,
तीन मीटर, पुन्हा तीन मीटर,
गार, बुळबुळीत,
जमिनीच्या पोटातला वास घेऊन.
बायका रिकाम्या बादल्या पालथ्या घालून
त्यांवरच बसल्या.
कोणीतरी स्तोत्र सुरू केलं
आणि दुसऱ्या कडव्यावर विसरलं.
दुसरी घंटा झाली. कोणी उठलं नाही.

अकराव्या सळीच्या टोकातून
तिने नखाने एक वायसर उकरून काढला.
रबराचा. कपाच्या तोंडाएवढा.
एका बाजूने चिरलेला.
एवढासाच.

"किती दिवस होता खाली?"
"दोन पावसाळे."
"आणि कुणाला कळलंही नाही?"
"कळायला काय," ती म्हणाली, "पाणी येत होतं की."

माझा हात आपोआप खिशाकडे गेला.
वही, पेन्सिल, आणि मनात ओळ तयार:
राज्य कशासारखं आहे...

"वडील," ती म्हणाली, वर न बघता,
"वही मागाहून. सळी धरा.
सुटली तर तेहतीस मीटर खाली जाईल,
आणि ती काढायला
तुमचा उपदेश पुरायचा नाही."

मी सळी धरली.

नवा वायसर तिने पदराच्या गाठीतून काढला.
पाणी समितीच्या डब्यात चार महिने पैसे नाहीत,
हे मला ठाऊक होतं. खजिनदार मीच.
मक्याच्या पिठाचे असतील ते, घरचे.
मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

त्या दिवशी व्यासपीठावर मी काय बोललो
आठवत नाही. थोडंच बोललो असेन,
कारण लोक जेवायला वेळेवर पोचले.
मार्कच्या शुभवर्तमानात मात्र
बियांच्या गोष्टीपाशी
ग्रीसचा एक अंगठा उमटला आहे, काळा, माझा.
पान उजेडात धरलं
तर मागच्या ओळीही त्यातून दिसतात.

मग हजेरीपट उघडला.
तिच्या नावापुढच्या चौकटीवर पेन टेकवलं,
उचललं,
पुन्हा टेकवलं.

खाली उतारावर बादल्यांची रांग लागली होती,
आणि एनेलेस ओरडून सांगत होती,
पहिलं पाणी गढूळ येतं,
ते भरू नका गं,
झाडाला घाला.