मादी, अनिश्चित

आकुर्डी, दुसरा मजला, उत्तरेची खोली.
दर तीन महिन्यांनी मी बरण्यांची झाकणं उघडते
आणि उडून गेलेलं अल्कोहोल वर भरते,
लोणच्यात तेल घालावं तसं.

आतले खेकडे सगळे एकाच रंगाचे झालेत,
जुन्या पोस्टकार्डाच्या.
जिवंतपणी कोण जांभळा होता, कोण विटकरी,
कुणाचे डेंगे केशरी,
ते आता फक्त चिठ्ठीवर.
चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, शाई विरघळते,
हे खासनीस सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

नाव ठरवायची रीतही त्यांचीच.
उताणा घ्यायचा. पोटावरची घडी पाहायची.
निमुळती, तर नर.
मग चिमट्याने घडी उचलून
आत दडलेली, तांदळाच्या कणीएवढी जोडी
सूक्ष्मदर्शकाखाली धरायची:
टोक वळलंय की सरळ,
शेवटचा सांधा लांब की आखूड.
कवचाची फुगीर बाजू, कडेचा दात,
डोळ्यांमधली ती त्रिकोणी कड,
हे सगळे साक्षीदार.
निकाल टोकाचा.

घडी रुंद, ताटलीसारखी, तर मादी.
तिच्याजवळ दाखवायला टोक नाही.
शेजारच्या बरणीत त्याच ओढ्यातला,
त्याच दिवशी धरलेला नर असला
तर त्याचं नाव तिला.
नसला तर कुळापाशी थांबायचं.
'आपल्या रेशनकार्डासारखंच हे,' सर म्हणाले, हसले.
मीही हसले. नोकरी तेव्हा कच्ची होती.

बरणी चारशे बारा.
आंबील ओढा, कात्रजच्या वरच्या अंगाला.
६ ऑक्टोबर १९५८, सकाळ, दगडाखाली.
एक. मादी. अनिश्चित.
पोटाशी पिल्लं, अंदाजे साठ.
अक्षर कुणाचं, ठाऊक नाही.
त्या जागेवरून नर कुणीच आणला नाही,
आणि मी गेले तेव्हा तिथे
सिमेंटचा उतार होता, वर गाड्यांचं शोरूम.
कार दाखवणारा मुलगा म्हणाला, मॅडम, टेस्ट ड्राइव्ह?

शिवापूरच्या अलीकडे, रविवारी,
ठमी हिलम पाटी घेऊन बसते.
वर ओलं गोणपाट. खाली खरखर.
ती न बघता हात घालते आणि बोलते:
ही बिळातली.
ही भातातली, हिला चिखलाचा वास, रश्श्याला नको.
ही पोकळ, परवाच कवच टाकलंय, दाबून बघ.
पेणची माझी आत्या ह्यांना मुठे म्हणते,
ठमी किरवं म्हणते,
मंडईत नुसतं 'काळं, पन्नासला सहा'.
मी वहीत लिहीत जाते. पेन्सिलीने.

फोनवर चारशे बाराचा फोटो दाखवला.
तिने पडदा उन्हातून आडोशाला धरला.
'शिळंखालची हाय. वाहत्या पाण्याची.
हिला बाटलीत का घातली?'
अभ्यासाला, मी म्हटलं.
'पिल्लं हायत की पोटाशी.'
हो.
'आमी अशी घावली तर तिथंच सोडतो.
सोडताना बोलावं लागतं तिच्याशी.'
काय बोलता?
तिने गोणपाट नीट केलं, पाणी शिंपडलं.
'तुला कशाला त्ये? तू सोडतीस व्हय?'

सोमवारी झाकण उघडलं.
पिल्लं कधीच सुटून तळाशी बसलेली,
राळ्याच्या दाण्यांसारखी.
ड्रॉपरने एकेक वर काढून मोजली. अठ्ठावन्न.
पुन्हा मोजली. अठ्ठावन्न.
'अंदाजे' लिहिणाऱ्या माणसाचा
त्या क्षणी मला फार राग आला,
मग आला नाही. ऑक्टोबरची सकाळ, ओला दगड,
मुठीत धडपडणारी ती,
कोण मोजत बसेल?

चिठ्ठीच्या पाठीमागे मी लिहिलं:
शिळेखालची, वाहत्या पाण्याची. ठमी हिलम यांच्या सांगण्यावरून.
हे नियमात बसत नाही.
खोडरबर खासनीस सरांच्या खणात आहे,
आणि ते निवृत्त झाल्यापासून
त्या खणाची किल्ली कुणाकडे आहे
कुणालाच माहीत नाही.