उतरता भाव

तीन आठवडे ताप होता. मग ताप गेला
आणि जाताना माझे शब्द घेऊन गेला.
सगळे नाही, मधलेमधले.
वाक्य ओढावं तर जाळं फाटलेलं,
मासा केव्हाच निसटलेला.

मी एर्मेलिंडा. पोवोआच्या बंदरात
एकोणीस वर्षं मासळीच्या लिलावाची वही माझी.
होडी, वजन, घेणारा. होडी, वजन, घेणारा.
कालची पानं डोळे मिटून सांगायचे.
आता कॉफी चुलीवर ठेवते
आणि तिची आठवण धुराला येते, मला नाही.

दवाखान्यातली नोएमिया गोळी देत नाही.
पहिल्या दिवशी चिडलेच मी:
दोन बस बदलून आले, ती हे ऐकायला?
ती म्हणाली, दोन बस? त्या धरा हिशोबात.
आज घरी गेल्यावर आणखी काही विकत घेऊ नका.

मग विचारलं, तुमचा लिलाव असतो कसा?
सांगितलं, आमच्याकडे भाव चढत नाही, उतरतो.
पाटीवर आकडा वरून घसरत येतो
आणि ज्याला टोपली हवी तो बटण दाबून त्याला थांबवतो.
"आणि कुणीच दाबलं नाही तर?"
तर माल पडून राहतो, बाई.
ती माझ्याकडे बघत बसली.
मीही बसले. बऱ्याच वेळानं कळलं.

तेव्हापासून चौथ्या बटाट्याला थांबते.
पाचवा सोलता येतो मला,
म्हणूनच थांबते.
लिंबाच्या आकाराचं एक घड्याळ आहे, पिळलं की टिकटिकतं.
वीस मिनिटं झडप लावून आडवी, रेडिओ बंद,
झोपायचं नाही, विचारही ओढून आणायचे नाहीत,
श्वास बाहेर सोडायचा, घेण्यापेक्षा लांब.
नणंद बेनेडिता दारातून म्हणते,
दिसतेस तर ठणठणीत.
दिसते, खरं आहे.

तोमेनं खणांवर चिठ्ठ्या लावल्या, मीठ, साखर, बिलं.
अक्षरं सार्डिनसारखी एकत्र वळायची, एकत्र पळायची.
शेवटी मी कोळसा घेतला.
आमच्या गावात ज्यांना लिहिता येत नव्हतं
त्यांनी वल्ह्यावर, बुचावर, जाळ्याच्या काठावर
घराण्याची खूण कोरली, आणि समुद्रानंही ती वाचली.
मिठाच्या खणावर वडिलांची खूण:
उभी रेघ, दोन आडव्या, खाली कोंबडीचा पाय.
साखरेवर आईच्या माहेरची.
बिलांवर आजोबांची, ते उधारी ठेवूनच गेले.
हात आपोआप बरोबर खणाकडे जातो.
थोरल्या मुलाला तीच खूण मिळते, वर एक रेघ जास्त.
माझंही तसंच म्हणायचं.
मी तीच, वर एक रेघ.

ऑगस्टात होड्यांना आशीर्वाद द्यायचा दिवस आला.
सहा जणांशी बोलले, हसले, लिंबू घरीच विसरले.
पुढचे पाच दिवस गादीत, पडद्याची कडसुद्धा टोचत होती.
नोएमिया रागावली नाही. वहीत लिही म्हणाली:
सहा जण, ऊन, बँड, उभं राहून.
लिहिलं. हाही एक लिलावच, माझ्या हातानं नोंदलेला.

धक्क्यावरचे दिव्याचे खांब मोजत चालते.
जूनमध्ये तीन होते. आता सात.
एका आठवड्यात परत चार. असू दे.

गुरुवारी दोन तास कामावर गेले.
आदेलिनो टोपल्या घेऊन समोर उभा
आणि त्याच्या होडीचं नाव माझ्या जिभेवरून पुसलेलं.
पूर्वी खोकून वेळ मारून नेली असती.
विचारलं सरळ: नाव सांग रे.
तो म्हणाला, मलाही आठवत नाही कधीकधी.
खोटं. होडीला त्याच्या आईचं नाव आहे.
पण त्यानं ते सांगितलं, हळू, एकेक अक्षर,
आणि मी लिहिलं.

पाटीवर आकडा घसरायला लागला.
खिशात लिंबू वाजलं.
वजनाचा रकाना रिकामा होता अजून,
पेन खाली ठेवलं.